व्हॅनच्या टपावर कयाक नेताय? या चुका टाळा

बेळगावातनं गणेशगुडी, हिडकल, तिलारी सगळंच सकाळी निघून गाठता येतं, त्यामुळं कॅम्पर केलेल्या ट्रॅव्हलर नाहीतर ईको घेऊन टपावर कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद बोट, बांधून जाणारे आता बरेच दिसतात. पण बांधलेलं बघितलं की जीव घाबरतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक वजनाची. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती किलो चालतं ते दिलेलं असतं, आणि तो आकडा गाडी पळत असतानाचा असतो. उभ्या गाडीवर दोन माणसं चढून बसली, काही झालं नाही, म्हणजे बोट पण चालेल असं नसतंय. आणि त्या आकड्यात कॅरियरचं वजन पण धरायचं असतं, हे लई जण विसरतात. समजा लिमिट १०० किलो आहे. बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडी (एमएस) पाइपचं दणकट कॅरियर वेल्डिंग करून घेतलं ते ४५ किलो, सोलर पॅनेल फ्रेमसकट २०, मग उरले ३५. एका माणसाची प्लास्टिकची कयाक साधारण २०-२५ किलोची असते, म्हणजे एकच बोट, दुसरी नाही. त्यामुळं फॅब्रिकेटरला 'मजबूत कर' एवढंच सांगू नका, ॲल्युमिनियमचं विचारा, आणि तयार झालं की काट्यावर ठेवून बघा. फायबरचा उंच टप बसवला असेल तर तिथं नुसतं भोक पाडून बोल्ट आवळायचा नाही, आतनं रुंद प्लेट आणि वरनं सीलंट पाहिजेच, नाहीतर पहिल्या पावसात गादी भिजली म्हणून समजा.

दुसरी चूक, बोट फक्त कॅरियरला बांधायची. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, म्हणजे ४० ला जे निवांत वाटतं ते हायवेला ८० वर कॅरियरसकट उचलायला बघतं, त्यात शेजारनं ट्रक गेला की झटका वेगळाच. म्हणून बोटीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला दोरी लावून ती गाडीच्या टो हुकाला, म्हणजे बंद गाडी ओढायच्या हुकाला, बांधाच. पुढची दोरी काचेतनं दिसत राहते, ती ढिली पडली की बोट सरकली हे लगेच कळतं. फक्त सुटलेलं टोक चाकात जाणार नाही एवढं गुंडाळून ठेवा. चोर्ल्याला जाताना जांबोटीला चहाला थांबतोच की आपण, तेवढ्यात सगळे पट्टे आणि नट एकदा हातानं हलवून बघायचे.

पट्टे कॅम बकलचे घ्या, म्हणजे हातानं टोक ओढून आवळायचे, क्लिपनं धरून राहणारे. ट्रकवाल्यांचा दांडा हलवून आवळायचा रॅचेट पट्टा कट कट आवळत गेलं की बोट कधी चेपली ते कळत पण नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिक मऊ पडतं तेव्हा तर दाबाची खूण कायमची राहते. गाडी उन्हात लावली तर पट्टे थोडे सैल करा, निघताना परत आवळा. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, त्यामुळं पावसात पॉलिएस्टरचाच पट्टा. पट्टा घूं घूं वाजतोय? त्याला एक पीळ द्या, आवाज बंद.

पावसाळ्यात आत बसायची कयाक उताणी ठेवून घाट चढू नका. चोर्ला काय, आंबोली काय, तिथला पाऊस माहीतच आहे, बोटीत ५० लिटर पाणी साठलं म्हणजे टपावर ५० किलो वाढले, ते पण वळणावर इकडून तिकडं हिंदकळणारे. पालथी ठेवा, नाहीतर तोंडाला कव्हर घाला.

बोटीसकट गाडीची उंची टेपनं मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, रेल्वेच्या अंडरब्रिजला आठवणीवर जाऊ नका. आणि लांब बोट घेताना गाडीची लांबी बघून घ्या, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात माल मर्यादेबाहेर पुढं, मागं, बाजूला किंवा उंचीला आला तर २०,००० रुपये दंड लिहिलाय, वर माल उतरवायचा खर्च पण आपलाच.