मगर पकडायला येताय? आधी तळ्याकाठी बसा

पावसाळा सरला की आमच्या केंद्राकडे अर्ज येऊ लागतात, आणि बहुतेक एकाच छापाचे असतात. ‘मला रेस्क्यूची आवड आहे.’ त्यात मुलांचा दोष नाही. विश्वामित्री नदी चढली की बडोद्याच्या सोसायट्यांत मगरी शिरतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या अंगणात आणि रस्त्यांवर सापडत होत्या, आणि दोर घेऊन धावणाऱ्या स्वयंसेवकांचे व्हिडिओ घरोघर पाहिले गेले. ते पाहून विशीतल्या पोरापोरींना वाटतं, वन्यजीवांचं काम म्हणजे हेच.

एम.एस. युनिव्हर्सिटीतून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी या कामात पडले. आमचं निसर्ग केंद्र चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात आहे, दोन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की इथे मगर पकडणं हा कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. तोसुद्धा वन खात्याच्या परवानगीशिवाय नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे.

पकडून दुसरीकडे सोडली की प्रश्न सुटला, असं शहरात सर्रास धरून चालतात. तो सुटत नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना उपग्रहाचे टॅग लावून लांब नेऊन सोडलं, तर त्या आपल्या जागी परत आल्या. एकीने तर किनाऱ्याकिनाऱ्याने ४०० किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. आपली मगर वेगळ्या जातीची, पण जागेची ओढ तिलाही आहे. आणि समजा ती नाही परतली, तरी तिची मोकळी झालेली जागा दुसरी घेते. नव्या तळ्यात सोडलेली मगर तिथल्या जुन्या मगरींशी भांडते, नाहीतर रात्री चालत निघते. मग तिसऱ्या गावातून फोन येतो. नदी किंवा तळं आहे तिथे मगर असणारच, हे गृहीत धरून पुढचा विचार करायचा.

हा विचार गावांनी आपल्याआधीच केलेला आहे. मलातज, देवा, अशा गावांतल्या तळ्यांत मगरी आहेत आणि त्याच तळ्यांवर माणसं आणि गुरं वावरतात. मलातजला तर तळ्याकाठीच मेलडी मातेचं देऊळ आहे. खोडियार मातेचं वाहन मगर, त्यामुळे ती मारायची नाही, हे पोरं घरातच शिकतात. पहिल्याच हिवाळ्यात भागोळीच्या, म्हणजे गावच्या वेशीच्या, ओट्यावर बसलेल्या एका काकांना मी विचारलं होतं, भीती नाही वाटत? ते म्हणाले, ‘ए तो अमारो ज छे, बेन.’ तो आमचाच आहे. एवढं बोलून त्यांनी विषय संपवला आणि मला चहा पाजला.

हे ऐकून भारावून जाऊ नका. श्रद्धा आहे, पण ती मेलेल्या म्हशीचे पैसे भरून देत नाही. वासरू ओढलं गेलं की त्याच ओट्यावरचा सूर बदलतो, आणि त्या आठवड्यात तुम्ही तिथे होता की नव्हता, हे गाव पुढची कित्येक वर्षं लक्षात ठेवतं.

आता मोजणीबद्दल जरा सविस्तर, कारण नवख्यांच्या हातात पहिलं खरं काम तेच येतं. चरोतरात मगरींची मोजणी हिवाळ्यात होते. विद्यानगरची व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था ती करते आणि बाहेरचे स्वयंसेवकही त्यात घेते. हिवाळाच का, तर मगर अंगातली ऊब उन्हावर राखते. गार रात्रीनंतर दिवस वर आला की ती काठावर येऊन पडते आणि दिसते. पहाटे सहाला जाऊन उगीच कुडकुडू नका. साडेनऊ-दहानंतर खरी गर्दी. एका काठावर एक जोडी, समोरच्या काठावर दुसरी. हातात दुर्बीण, मांडीवर पाटी, पाटीवर तक्ता. वेळ, कोणता काठ, अंदाजे लांबी, काय करते आहे, आणि आसपास माणसं काय करताहेत.

लांबीच्या रकान्यात नवखे हमखास अडखळतात, कारण पाण्यात पूर्ण मगर क्वचितच दिसते. त्यावर उपाय असा की डोक्याची लांबी नीट पाहायची आणि तिची साधारण सातपट धरायची. नुसते डोळेच दिसले तर ‘फक्त डोळे’ असं लिहायचं, उगाच आकडा ठोकायचा नाही. दिवसभरात दिसलेल्या सगळ्या नोंदींची बेरीजही करायची नाही. तीच मगर चार वेळा वर येते. एका क्षणी एकत्र दिसलेल्यांचा सर्वांत मोठा आकडा त्या तळ्याचा धरतात. रात्रीची फेरी असेल तर टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरा, म्हणजे पाण्यावर तिच्या डोळ्यांचे लालसर ठिपके चमकतात. टॉर्च कमरेपाशी धरून फिरणाऱ्याला काही दिसत नाही आणि तो येऊन सांगतो की तळं रिकामं आहे.

शेवटच्या रकान्याला, माणसं काय करताहेत त्याला, बहुतेक जण कंटाळतात. मला विचाराल तर तोच सगळ्यात किमती आहे. घरात नळ आले तरी गोधड्या आणि म्हशी तळ्यावरच धुतल्या जातात. कोणत्या पायरीवर, किती वाजता, बाई पाण्याकडे पाठ करून बसते की तोंड करून, घाटाच्या शेजारी झुडपं वाढली आहेत का, कोंबडीची घाण किंवा मेलेलं जनावर तळ्यात टाकतात का. हल्ला होतो तो अशाच एखाद्या बारीक गोष्टीमुळे. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल काठाच्या मातीत बीळ करून अंडी घालते, पंचवीस-तीस असतात, आणि पावसाच्या तोंडाशी पिल्लं बाहेर पडतात. त्या दिवसांत ती घरट्याभोवती फिरकू देत नाही. तेव्हा ‘तळ्यावर जाऊ नका’ असा फलक लावून काहीच होत नाही, कारण म्हैस जाणारच. ‘दक्षिणेच्या काठावर पाऊस पडेपर्यंत नको, वडाकडच्या घाटावर जा’ असं सांगता आलं तर लोक ऐकतात. आणि ते सांगायला घरटं कुठे आहे ते आधी तुमच्या वहीत हवं.

श्रीलंकेत नदीवर आंघोळीच्या जागेला पाण्यातच कुंपण घालतात. त्याला तिथे किंबुल कोटुवा म्हणतात. लाकडी खांबांचं किंवा लोखंडी जाळीचं, आत माणसं, बाहेर मगर. ही कल्पना आपल्या तळ्यांवर मांडली की सरपंच लगेच मान डोलावतात. पण कुंपण उभं करणं सोपं. पावसाळ्यानंतर त्यात अडकलेली जलपर्णी कोण काढणार, गंजलेली जाळी कोण बदलणार, पंचायतीच्या कोणत्या खात्यातून, हे ठरायला बैठकांवर बैठका होतात. त्या बैठकांना बसायची तुमची तयारी आहे का, हे येण्याआधी स्वतःला विचारा. तलाटी येणार म्हणून दुपारभर थांबायचं, तो येत नाही, परत जायचं. हेही संवर्धनच आहे आणि याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

भरपाईचे कागद हे दुसरं असंच काम. मगरीने जनावर मारलं तर वन खात्याकडून भरपाई मिळते, पण पंचनामा वेळेत व्हावा लागतो, पशुवैद्याचा दाखला लागतो, फोटो, आधार, पासबुक, सगळं जुळावं लागतं. ज्याची म्हैस गेली तो माणूस त्या दिवशी कागद शोधायच्या मनःस्थितीत नसतो. तुम्ही वन खात्याच्या बीट गार्डला फोन लावलात, जनावर हलवण्याआधी फोटो काढलेत, अर्ज भरून दिलात, तर नंतर त्या घरात तुमचं म्हणणं ऐकलं जातं. मगरीबद्दलचं माझं भाषण कोणाला आठवत असेल असं मला वाटत नाही, पण कोणाचा अर्ज भरला होता ते सगळ्यांना आठवतं.

पावसाळ्यात काम तळ्यावरून भाताच्या खाचरात जातं. खेडा जिल्ह्यात मातरच्या बाजूला सारस पक्षी भातशेतीतच घरटं करतात. उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच, आणि अंडी बहुधा दोनच. शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे, कारण घरट्यासाठी पक्षी उभं भात उपटतात. प्रत्यक्षात जागा चार-सहा पावलांची जाते, पण ती त्याच्या शेतातली असते. इथे गावातल्याच माणसाला घरट्याचा राखणदार नेमण्याची पद्धत चांगली चालते. कुत्री हाकलणं, पोरांना लांब ठेवणं, पिल्लं बाहेर पडेपर्यंत नजर ठेवणं. तुमचं काम त्याच्याकडून रोजची नोंद घेण्याचं आणि विजेच्या तारा कुठे खाली लोंबताहेत ते टिपण्याचं. बाकी पक्ष्यांबद्दल त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

वर्षातली इतर कामं आटोपशीर सांगते. १० ते २० जानेवारीला करुणा अभियान असतं, उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) पतंगांच्या मांजाने कापलेले पक्षी पशुवैद्यांकडे पोचवायचे. हात शिकाऊ असला तरी इथे उपयोगी पडतो, म्हणून सुरुवातीला हेच बरं. त्याच महिन्यात पाणपक्ष्यांची गणना असते. त्यासाठी डभोईकडचा वढवाणा तलाव पाहाच. बडोदा संस्थानने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधलेला हा तलाव, ओरसंग नदीचं पाणी त्यात येतं, आणि २०२१ पासून तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (एक जातीचे हंस) तिथे भातगव्हाच्या शेतांशेजारी चरताना दिसतात. सयाजीरावांच्या काळाचं कौतुक आपण बडोदेकर मराठी लोक लक्ष्मी विलास राजवाड्यापाशी थांबवतो. या तलावापर्यंत ते क्वचितच पोचतं.

शाळांतले कार्यक्रम मी एकेकाळी कंटाळत करायचे, आता आवडीने करते. फक्त एक पथ्य. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार विषारी सापांची नावं फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नका. मण्यारीला गावात काळोतरो म्हणतात, घोणशीला खडचितळो. पोरांना विचारा, कोणता साप कुठे पाहिला, रात्री जमिनीवर कोण झोपतं, दवाखाना किती लांब. गप्पांतून अख्ख्या गावाचा नकाशा हाती येतो. भाषेचं म्हणाल तर बडोद्याच्या दांडिया बाजारात आपण बोलतो ती गुजराती इथे पुरत नाही. ‘केम’चं ‘च्यम’ होतं, ‘पाणी’चं ‘पोणी’. महिनाभर कान उघडे ठेवले की जमतं. बोलण्यात मराठी हेल आला तर कोणी हसत नाही, उलट ‘बेन, तमे मराठी?’ म्हणून जास्त चौकशी होते.

पैशांबद्दल आडपडदा नको. अशा केंद्रांत सुरुवातीला मानधन मिळतं, पगार नव्हे, आणि तेही प्रकल्पाच्या मुदतीपुरतं. प्रकल्प संपला की नवा मिळेपर्यंत हात आखडता. माझ्या आत्याने एकदा गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘एम.एस्सी. करून मगरी मोजतेस, म्हणजे नक्की काय करतेस गं?’ तिला देण्यासारखं उत्तर त्या वेळी माझ्याकडे नव्हतं आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता. टिकून राहायचं असेल तर सोबत एखादं विकाऊ कौशल्य धरा. नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, आकडेवारीचं विश्लेषण, किंवा सरकारी भाषेत नीट अहवाल लिहिणं. तिसऱ्याला सगळ्यांत जास्त मागणी आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पुढे शिकायला जायचा विचार असेल, तर गावात काढलेलं एक सलग वर्ष आणि त्या वर्षाची स्वच्छ वही मुलाखतीत बोलायला भरपूर काही देते.

अर्ज करताना हातात साप धरलेला फोटो लावू नका. विनापरवाना साप हाताळणं हाच कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि आम्ही तो फोटो पाहिला की अर्ज बाजूला ठेवतो. त्याऐवजी घराजवळच्या कोणत्याही एका पाणवठ्याची महिनाभराची नोंद जोडा. तारीख, वेळ, कोण दिसलं, माणसं काय करत होती. कमाटीबागेतल्या विश्वामित्रीच्या पुलावरून केलेली असली तरी चालेल. दुचाकी चालवता येते का तेही लिहा, कारण संध्याकाळनंतर एस.टी. मिळत नाही. आणि आलात तर डिसेंबरमध्ये या, म्हणजे मोजणीआधी तळी पायाखालून घालता येतील.