टॉवेल कारखान्यात सगळंच ‘अर्जंट’ होतंय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात सकाळी जाऊन बसा. व्यापारी फोनवर विचारतोय, माल कधी निघणार? सायझिंगवाला, म्हणजे सुताला खळ लावून देणारा, मागच्या बिलासाठी दारात उभा. कुणाला घरच्या लग्नासाठी उचल हवीय, आणि एका मागाचा आवाज बिघडलाय. यातलं एकही काम खोटं नाही. घोळ होतो तो आधी कुठलं हे ठरवताना.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे जो जास्त ओरडेल त्याचं काम आधी घेणं. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले मोठे रूळ, असतात: एक पायाच्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा), दुसरा लूप उभे करणाऱ्या ताण्याचा. ऑर्डर अर्ध्यावर असताना दुसऱ्याचा माल चढवायचा म्हणजे दोन्ही बीम उतरवायचे, नवे चढवायचे आणि हजारो टोकं जोडत बसायची. तेवढा वेळ माग बंद. मजुरी नगावर असेल तर कामगाराची कमाईही तेवढा वेळ बंद. उतरवलेला अर्धा बीम कोपऱ्यात धूळ खातो. ‘जरा ॲडजस्ट कर’ म्हणून मुकादमाला सांगणाऱ्या मालकाला हा खर्च दिसतच नाही, कारण त्याचं बिल कुणी पाठवत नाही.

म्हणून बीम संपेपर्यंत बदल नाही, हा नियम करा. अपवाद लागणारच, तो कोण करणार आणि जास्तीत जास्त किती मागांवर, हे आधीच लिहून ठेवा. तातडीच्या कामाची ऑर्डर वारंवार येत असेल तर एक-दोन माग त्यासाठीच राखा. आणि ज्याचा माल मागे पडला त्याला त्याच दिवशी फोन करा. माझ्या मते खरी कसोटी इथंच आहे. सगळ्यांना ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यानं काहीच ठरवलेलं नसतं, आणि त्याचा ताण शेवटी मुकादमाच्या डोक्यावर येतो.

पैशाचंही तेच. लहान पुरवठादार गप्प बसतो, म्हणून त्याचं बिल मागे ढकललं जातं. पण सायझिंग, डाइंगवाले (सूत रंगवणारे) सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतील, तर लेखी करार नसताना 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत टळली आणि 31 मार्चपर्यंतही पैसे गेले नाहीत, तर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. 2023-24 या आर्थिक वर्षापासून हे लागू आहे. मजुरी, वीजबिल, 15 तारखेच्या आतला पीएफ आणि ही बिलं महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढा. उचल किती आणि कधी द्यायची हेही ठरलेलं असू द्या, म्हणजे एकाला मिळाली आणि दुसऱ्याला नाही, अशी कुरकुर होत नाही.

ऑइलिंग, साफसफाई, झिजलेले पार्ट बदलणं यासाठी कुणाचा फोन येत नाही. म्हणून त्याचा वार ठरवून टाका, आणि त्या दिवशी व्यापाऱ्याच्या फोनवरून माग चालू करू नका.

आता डिलिव्हरीची तारीख. ती कबूल करताना नुसती मागांची संख्या मोजून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी पडते आणि सुती धागा जास्त तुटतो. शेडमध्ये ओलावा टिकवायची सोय नसेल तर उत्पादन कमीच धरा. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत कामगार कामावर यावेत ही अपेक्षा धरू नये, ती रास्तही नाही. त्या आठवड्यात जायचा माल डिसेंबरअखेर शिलाई होऊन पॅक झालेला हवा, म्हणजे सुताची ऑर्डर त्या हिशेबानं नोव्हेंबरातच द्यायला हवी.