फळी सोडण्याआधी: मुलांच्या पोहण्याच्या पायऱ्या

एप्रिल लागला की पुण्यातल्या टँकवर उन्हाळी बॅचसाठी गर्दी होते आणि पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘२१ दिवसांत येईल ना पोहायला?’ पाण्याला अगदी नवं असलेलं सहा-सात वर्षांचं मूल तेवढ्या दिवसांत बहुधा तरंगायला आणि हातात तरंगती फळी धरून पाय मारत टँकची रुंदी पार करायला शिकतं. एवढं नीट जमलं तर बॅच सार्थकी लागली म्हणायची. पुढची घाईच नडते.

अमेरिकन रेड क्रॉसच्या अभ्यासक्रमात सहा पातळ्या आहेत. आपल्याकडे दर टँकची मोजणी निराळी. म्हणून ‘कितव्या लेव्हलला आहे’ हे विचारण्यापेक्षा मूल कशाच्याही आधाराविना काय करतं, ते बघा. प्रवेश घेताना एका सरांकडे किती मुलं आणि जीवरक्षक वेगळा आहे का, हेही विचारा. ४५ मिनिटांत १५ मुलं असतील तर तुमच्या मुलाच्या वाट्याला सरांची जेमतेम तीन मिनिटं येतात. नवशिक्यांच्या गटात पाच-सहा मुलं बरी.

पहिली पायरी श्वासाची, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. भिंतीची कड धरायची, तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालून नाकाने ‘हूंऽऽ’ करत तीन सेकंद बुडबुडे सोडायचे. सलग १० वेळा, मध्ये हाताने चेहरा न पुसता. हे ‘न पुसता’ फार महत्त्वाचं. दर वेळी हात डोळ्यांकडे जात असेल, तर मूल पाण्याला अजून सरावलेलं नाही. त्याला पुढे ढकलू नका. याचा सराव घरी बादलीजवळ बसूनही होतो, पण सोबत मोठं माणूस हवंच आणि झाल्यावर बादली लगेच रिकामी करायची.

मग तरंगणं: पालथं १० सेकंद, उताणं १० सेकंद. त्याहून अवघड असतं ते तरंगताना पुन्हा उभं राहणं. मूल घाबरलं की आधी डोकं वर काढतं; पाय मात्र मागे तरंगतच राहतात आणि तोंडात पाणी जातं. क्रम उलटा हवा. आधी गुडघे पोटाशी, मग दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला टेकले की शेवटी डोकं. हे छातीभर पाण्यात २०-२५ वेळा घोटून घेतलं की अर्धी भीती तिथेच जाते.

दंडाला बांधायच्या फुग्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: शिकताना नकोत. ते अंग उभं धरतात, मूल सायकल चालवल्यासारखे पाय मारतं आणि फुगे काढले की त्याच सवयीने खाली जातं. विहिरीत पोहायला शिकवताना पूर्वी डबा बांधायचे तो पाठीवर. त्यामुळे अंग निदान आडवं तरी राहायचं.

भिंतीला रेटा देऊन, हात कानांना चिकटवून, पाय न मारता तीन मीटर सरकता आलं की फळी हातात द्यावी. पाय कमरेतून हलले पाहिजेत, घोटे सैल. पाय बुडत असतील तर दोष बहुधा मानेत असतो: नजर समोर गेली की डोकं उचलतं आणि कंबर खाली जाते. नजर तळावर ठेवायला सांगा.

फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं राहून आळीपाळीने हात मारत पोहताना, पुन्हा श्वासच आडवा येतो. पाण्यात हवा पूर्ण सोडलेली नसते, मग बाहेर आल्यावर सोडणं आणि घेणं एकाच क्षणात उरकायचं असतं. वेळ पुरत नाही म्हणून मूल मान वर काढतं. एक कान आणि एक डोळा पाण्यातच राहायला हवा. फळी एका हाताने धरून, कुशीवर सहा किक मारत हे बसवावं लागतं. काही सर आधी बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहणं, घेतात. तोंड पाण्याबाहेर असल्याने मुलाला धीर येतो. ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे बेडकासारखं पोहताना, पावलं बाहेर वळायला हवीत. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून फेकायच्या बटरफ्लायची घाई नको.

खोल पाण्यात सोडण्याआधी एक कसोटी घ्याच. सर जवळ असताना डोक्यावरून पाणी जाईल तिथे उडी, वर येऊन एक मिनिट तरंगणं किंवा उभ्याने पाय मारणं, स्वतःभोवती पूर्ण वळून काठ शोधणं, साधारण २३ मीटर पोहणं आणि शिडीविना बाहेर येणं. सलग पाचही जमलं तरच. तरीही खडकवासला धरणाच्या पाण्यात उतरायचा हा परवाना नव्हे. तिथे ना कड हाताशी, ना तळ दिसतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की बहुतेक मुलं टँक सोडतात आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा बुडबुड्यांपासून सुरुवात होते. आठवड्यातले दोन दिवस चालू ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उघड्या टँकचं पाणी गार असतं आणि लहान अंग लवकर थंड पडतं. ओठ निळसर दिसले किंवा हुडहुडी भरली की बॅच संपायची वाट न बघता बाहेर काढा, कोरडं करा.

शालेय स्पर्धांचा विचार असेल तर मुलाला एकदा बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या टँकमध्ये पोहू द्या. २५ मीटरला दर फेरीत भिंतीशी मिळणारा विसावा तिथे निम्म्यावर येतो, आणि ३०-३५ मीटरनंतर मान वर येऊ लागली तर श्वासाचं काम कुठे राहिलंय ते लगेच कळतं.