गोव्यात भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट असं वाचलं

गाडी परत करताना मालक मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचे पैसे डिपॉझिटमधून कापायला निघाला. मी मोबाइल पुढे केला. गाडी ताब्यात घेतानाच चारही बाजू, टायर, काचा, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचं रीडिंग असा सलग व्हिडिओ काढून त्यालाच व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. ओरखडा त्यात स्पष्ट दिसत होता. पैसे पूर्ण परत मिळाले.

आणि गाडी काळ्या नंबरप्लेटवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्तात मिळते खरी, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे. पोलिसांनी अडवलं तर सुट्टीचा विचका, अपघात झाला तर विम्याचाही घोळ. गाडी घेताना पेट्रोल होतं तेवढंच ठेवून ती परत द्या, जादा पेट्रोलचे पैसे सहसा मिळत नाहीत.