टोचन करून गाडी नेताना ब्रेक जळतात ते या चुकांमुळे

महेश्वरहून इंदूरला परतताना मानपूर ओलांडलं आणि माझी गाडी बंद पडली. फ्युएल पंप गेला होता. मेव्हण्यांची जीप मागून येतच होती. दोर बांधला, मी आपल्या गाडीत स्टिअरिंग धरून बसलो आणि आमची वरात महूकडे निघाली. महू जवळ येईस्तोवर सगळं छान चाललं होतं. मग एका दूधवाल्यानं मोटारसायकल बाजूला आणली आणि ओरडला, "भिया, पीछे के पहिये से धुआँ छूट रिया है!"

हँडब्रेक दोन दाते वर राहिला होता. दोर बांधताना गाडी सरकू नये म्हणून ओढला आणि सोडताना तो पूर्ण खाली गेलाच नाही. किल्ली फक्त स्टिअरिंगचं लॉक सुटेल एवढीच फिरवलेली, त्यामुळे डॅशबोर्डवरचा लाल दिवाही लागलेला नव्हता. आणि मेव्हणे? ते म्हणाले, "अहो, मला वाटलं तुमची गाडी जरा जडच आहे."

टोचनात ब्रेक जळतात ते बहुतेक वेळा असेच. ओढणारं इंजिन एका गाडीत आणि तापणारा ब्रेक दुसऱ्या गाडीत. एरवी हँडब्रेक थोडा लागलेला असला की गाडी ओढत नाही, आपल्याला लगेच कळतं. टोचनात ते कळायची सोयच नसते.

त्यावर मी आणखी एक घोडचूक केली. बाटलीतलं पाणी तापलेल्या ड्रमवर, म्हणजे मागच्या चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यावर ओतलं. चर्र आवाज आला, मनाला बरं वाटलं. पण बिडाचा ड्रम असा एकदम गार केला की वाकडा होतो, कधी तडकतोही. माझा वाकडा झाला. नंतर ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरायचं. धूर दिसला तर गाडी सावलीत उभी करायची, चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा नाही आणि अर्धा-पाऊण तास वाट बघायची. त्या वेळात चहा होतो. हँडब्रेक ओढायचा नाही हे यासाठी, की गरम ड्रमवर शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) दाबून ठेवले तर ते तिथेच चिकटू शकतात.

दोर आणि पाय

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेता येते. मागच्या गाडीत ड्रायव्हर हवा आणि दोन गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. आता हिशेब करा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. पुढच्यानं करकचून ब्रेक मारला तर मागच्याला एक सेकंदही मिळत नाही. म्हणून मागचा माणूस घाबरून ब्रेकवर पाय ठेवूनच बसतो. इथेच पुढचे ब्रेक जळायला लागतात. डिस्कला दाबणाऱ्या पॅडवर काचेसारखी चकाकी येते, चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या डिस्कवर निळसर डाग पडतात आणि ब्रेक ऑइल उकळायला लागतं. डॉट ३ आणि डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या श्रेणी. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि जुन्या ऑइलचा तोच आकडा १४० च्या आसपास येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. चार वर्षं ऑइल बदललेलं नसेल तर तुमची गाडी खालच्या आकड्याकडे सरकलेली आहे असं धरून चाला.

उपाय सोपा आहे, फक्त आधी बोलून ठेवावा लागतो. पुढच्यानं शक्यतो ॲक्सिलरेटर सोडूनच वेग कमी करायचा. थांबायचं असेल तर आधी हात दाखवायचा, मग मागच्यानं आधी ब्रेक लावायचा, म्हणजे दोर ताणलेला राहतो. मागच्यानं ब्रेक थोडा वेळ नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही. दोराऐवजी लोखंडी रॉड मिळाला तर फारच उत्तम, कारण मग दोर ताणून धरायची जबाबदारीच उरत नाही. आणि एक कळकळीची विनंती: चांगला ड्रायव्हर मागच्या गाडीत बसवा. आपल्याकडे उलटं करतात. भाचा नुकताच शिकलाय, बसू दे त्याला मागे, नुसतं स्टिअरिंग तर धरायचंय!

इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो. नंतर पेडल दगडासारखं होतं आणि बऱ्याच जोरानं दाबावं लागतं. ब्रेक गेला असं वाटून लोक सारखे पंप करत राहतात, त्यानं उरलेली मदतही संपते. बिघाड क्लचचा असेल आणि इंजिन चालू राहत असेल तर ते चालूच ठेवा.

ऑटोमॅटिक गाडी, फोर व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर टोचनाचा विचार सोडा आणि सपाट ट्रॉलीची गाडी मागवा. तिथे ब्रेकच्या आधी गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होते. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत इंजिन बंद केलं किंवा दार उघडलं की काही मॉडेलमध्ये तो आपोआप लागतो. बॅटरी उतरलेली असेल तर सुटतही नाही. अशी गाडी ओढली तर मागची चाकं घासतच येतात.

मोटरहोमवाल्यांचं दुखणंही हेच

माझा मावसभाऊ अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरतो. मागे छोटी गाडी चारही चाकांवर जोडलेली. तिथे मागच्या गाडीत माणूस नसतो, त्या गाडीत ड्रायव्हरचे पाय असतात तिथे एक खोकं ठेवतात आणि पुढे वेग कमी झाला की ते पेडल दाबतं. खोकं बसवताना पेडल जरासं दाबलेलं राहिलं, की शेकडो किलोमीटर ब्रेक घासत राहतो आणि कित्येक टनांच्या मोटरहोमला त्याचा पत्ताही लागत नाही. खोक्याची संवेदना फार वाढवली तर लांब उतारावर ते उगाच दाबत राहतं. आणखी एक गोष्ट तो शिकला ती खर्चात पडून: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, बूस्टरमधली उरलेली मदत संपवायची आणि मगच खोकं बसवायचं. नाहीतर पहिले काही दाब फारच जोरात लागतात. आता तो निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबतो आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघतो. आमच्या मेव्हण्यांनी हे केलं असतं तर माझा ड्रम वाचला असता.

कोणतं चाक तापलंय?

हात चाकाला लावायचा नाही, जवळ न्यायचा. दोन्ही मागची चाकं तापलेली असतील तर हँडब्रेक. दोन्ही पुढची तापली तर बहुधा पाय ब्रेकवर राहिला. चारही तापली असतील तर पेडल पूर्ण वर येत नाहीये. आधी खालची मॅट बघा, मग मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा भाग) विचार करा. एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं, अशी तिरपी जोडी तापली तर मास्टर सिलिंडरवरच संशय घ्या, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्या अशा तिरप्या जोडीनंच जोडलेल्या असतात.

एकच पुढचं चाक तापलं असेल तर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा त्याला ऑइल पोचवणारी रबरी नळी, म्हणजे होज. मिस्त्रीनं थेट कॅलिपर बदलायचा म्हटलं तर एवढं करायला सांगा: गाडी जॅकवर घ्या, चाक हातानं फिरवून बघा, मग ब्लीडरचा निपल (कॅलिपरवरचा ऑइल आणि हवा सोडायचा छोटा स्क्रू) जरा ढिला करा. चाक मोकळं झालं तर आत दाब अडकला होता, म्हणजे बहुधा होज आतून फुगलाय. तसंच जाम राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना अडकल्यात. होज स्वस्त, कॅलिपर महाग. निपल पुन्हा घट्ट करून ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायला विसरू नका.

आणि धूर निघालेल्या चाकात नुसते शू बदलून थांबू नका. उष्णतेनं व्हील सिलिंडरचं (ड्रममधले शू ढकलणारा भाग) रबर कडक होतं, बेअरिंगचं ग्रीस वितळून बाहेर येतं. माझ्या गाडीत नवे शू टाकले आणि तीन आठवड्यांत त्याच चाकात ऑइल गळायला लागलं, पुन्हा सगळं उघडावं लागलं. ब्रेक ऑइल मात्र चारही चाकांचं बदला. काम झाल्यावर पहाटे सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटर चालवून या, शेवटचा ब्रेक हलका मारून थांबा आणि परत चारही चाकांजवळ हात नेऊन बघा.