"इथे भेदभाव होतो का" हे बायकांना कसं विचारायचं

बचत गटात, कंपनीत, कुठेही बायकांना सरळ विचारलं की "ताई, बाई म्हणून तुमच्यावर अन्याय होतो का", तर बहुतेक जणी नाही म्हणतात, आणि मग पुरुष मंडळी मोकळी, बघा त्याच म्हणतायत ना! म्हणून हा प्रश्न असा विचारूच नका.

कारण जाणवणं वेगळं आणि असणं वेगळं. ग्लिक आणि फिस्क या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत 19 देशांत 15 हजारांवर लोकांचा अभ्यास केला, तो 2000 साली छापून आला. त्यात दिसलं की जिथे पुरुषांचे विचार जास्त बाईविरोधी, तिथे बायकाही "बाई नाजूक, तिला पुरुषाने जपायचं" हे जास्त मान्य करतात, आणि ते देश समानतेतही मागे. मला हे पटतं, बाहेर धोका असेल तर जपणारा माणूस कोणालाही हवाच वाटणार, त्यात त्या बाईची काय चूक. आपल्याकडे तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस) 45 टक्के बायकांनी नवऱ्याने मारणं कुठल्या ना कुठल्या कारणासाठी योग्य मानलं.

मग विचारायचं काय? हिशोब. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बाईला विचारा, तुमची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती आणि छाटणीवाल्या गड्याची किती, तुम्ही घरातून निघता कधी आणि त्याआधी उठता किती वाजता. ती आधी म्हणेल मालक चांगलाय, ताई ताई करतो, चहा देतो, आणि ते खरंही असतं, पण दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की ती स्वतःच म्हणते की मणी मणी बघून घड मोकळा करायचं काम काय सोपंय का, मान मोडून जाते. तुम्ही मध्ये बोलू नका, तिला बोलू द्या.

दुसरं, वेळ. आदल्या दिवशीचा दिवस तासातासाने सांगायला लावा, नवऱ्याचाही. 2019 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत (लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी) स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, ते करणाऱ्या पुरुषांचा 97.

तिसरं, सातबारा. नाव कोणाचं आहे ते बघा. इथेच चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं, पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेवर बऱ्याच शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, तलाठ्याकडे चौकशी करा.

एक काळजी मात्र घ्या, सासू-सून एकत्र बसवून विचारू नका, नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कंपनीत असाल तर सुपरवायझरसमोर तर अजिबात नको. जी म्हणते मला काही त्रास नाही, तिच्याशी वाद घालू नका, आकडे लिहून घ्या आणि कागद तिच्याकडेच ठेवा. आणि कोणी लैंगिक त्रासाबद्दल बोललीच तर दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी 2013 च्या कायद्याने अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, हे तिला त्याच दिवशी सांगा.