ऑप्शनला टाकलेले धडे

जानेवारी २०२५ संपत आला होता. लातूरच्या अभ्यासिकेत रात्री नऊच्या सुमाराला शेजारच्या टेबलावरच्या पोराने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "ऑप्शन गेले रे." नीट म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतला सेक्शन बी, प्रश्न निवडायची मुभा असलेला भाग, रद्द. १८० प्रश्न, १८० मिनिटं, सगळे सक्तीचे. मी रिपीटर, २०२४ ला जुन्या पद्धतीने पेपर देऊन आपटलेला. परीक्षा ४ मे ला.

पहिले दोन दिवस वीस मिनिटं गेली म्हणून रडण्यात घालवले. मग कागदावर हिशेब मांडला. आधी २०० मिनिटं होती, पण छापलेले प्रश्नही २०० होते. प्रत्येक विषयात सेक्शन बीच्या १५ पैकी १० निवडायचे तर पंधराही वाचावेच लागायचे, आणि 'हा घेऊ की तो' यात मिनिटं जायची ती वेगळीच. म्हणजे वेळेचं रडगाणं फुकटचं होतं.

दुखणं दुसरीकडेच होतं. फिजिक्समधला रोटेशनल मोशन आणि केमिस्ट्रीतला पी-ब्लॉक हे दोन धडे मी वर्षभर बिनधास्त ऑप्शनला टाकले होते. कोविडनंतर २०२१ ला ही सवलत आली आणि आमच्या बॅचेसना तिची चटक लागली. तुमच्या परीक्षेचा पॅटर्न उद्या बदलला तर आधी वेळ मोजू नका, आपण काय काय ऑप्शनला टाकलंय त्याची यादी काढा. माझी यादी सात धड्यांची निघाली. चार नीट झाले, दोन अर्धेमुर्धे, एक राहिलाच.

'सक्तीचे' या शब्दाने क्लासमध्ये भलताच गोंधळ घातला होता. कोऱ्या प्रश्नाचे मार्क कापतात असं कित्येकांनी धरून चाललेलं. तसं नाही. बरोबर असेल तर ४, चुकलं तर १ वजा, कोरं सोडलं तर शून्य. फक्त बदली प्रश्न मिळत नाही, एवढंच.

सरावाला पेपर कुठून आणायचे? २०२० पर्यंतचे नीटचे पेपर १८० प्रश्नांचेच होते, साचा तोच. पण २०२४ पासून अभ्यासक्रम कमी झालाय, त्यामुळे त्यातले सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री वगैरेंचे प्रश्न आधीच खोडून ठेवा. २०२१ ते २०२४ च्या पेपरांत मी प्रत्येक सेक्शन बीमधले सगळ्यात सोपे पाच प्रश्न काढून टाकायचो आणि उरलेले दहा सोडवायचो. उलटं करण्याचा मोह होतो, मलाही झाला.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. मी बायोपासून सुरुवात करतो. जुन्या ओएमआरवर, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेवर, बायो १०१ पासून असायची, नव्यात ९१ पासून. पहिल्या मॉक टेस्टला हात सवयीने १०१ वर गेला आणि बारा गोळे भरून झाल्यावर लक्षात आलं. पेनाने भरलेला गोळा पुसता येत नाही. त्यानंतर प्रत्येक टेस्टला पेपर हातात आला की प्रश्नपत्रिकेवर ९१ ला आधी मोठी खूण करायची, मगच पहिला प्रश्न वाचायचा. टेस्ट दुपारी दोन ते पाचच. अभ्यासिकेच्या पत्र्याखाली मार्चमध्येच डोकं तापतं, मेची तयारी आपोआप होते.

याच काळात परीक्षा ऑनलाइन होणार, दोनदा होणार असे मेसेज रोज फिरत होते. खरं तर पेन-कागदावर, एकाच दिवशी, एकाच शिफ्टमध्ये परीक्षा होणार हे एनटीएने, म्हणजे नीट घेणाऱ्या संस्थेने, जानेवारीतच जाहीर केलं होतं. मी ग्रुप म्यूट केले आणि एनटीएच्या साइटवरच्या सूचना आठवड्यातून एकदा बघायला लागलो.

४ मे ला फिजिक्सने सगळ्यांनाच घाम फोडला. २०२४ ला सुधारित निकालातही १७ जणांना पैकीच्या पैकी होते, २०२५ ला देशात पहिला आलेल्याचे ७२० पैकी ६८६. बाहेर पोरं नव्या पॅटर्नला शिव्या घालत होती. मला ते पटलं नाही, पॅटर्न तोच राहता तरी ते फिजिक्स तसंच लांबलचक निघालं असतं. माझे फिजिक्सचे अकरा गोळे कोरे राहिले. त्यात रोटेशनलचा मात्र एकही नव्हता.